खंडित शिक्षणाचा हिशेब : प्रौढ वयात पदवीकडे नेणारी श्रेयांकांची वाट

या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यालयाची जुनी कपाटे उघडली. हजेरीपत्रके, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आणि वसतिगृहाच्या भांडाराच्या वह्या हाती आल्या. त्यांतच एक जाड वही निघाली. शाळेतून बाहेर पडलेली मुले पुढे काय करतात याची नोंद आम्ही शिक्षक मंडळी त्या वहीत ठेवीत असू. कोणाच्या नावापुढे ‘अभियंता’, कोणाच्या ‘परिचारिका’, कोणाच्या ‘पोलीस खात्यात’ असे लिहिलेले दिसले आणि मन भरून आले. पण पाने उलटता उलटता एक शेरा वारंवार डोळ्यांसमोर येऊ लागला, ‘शिक्षण सोडले’. हा शेरा आमच्याच हस्ताक्षरात होता.

तो ज्यांच्या नावापुढे आहे त्यांतील बहुतेकांना आम्ही ओळखतो. एकीचे बी. ए.चे पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पार पडले आणि दुसऱ्या वर्षाच्या आधी लग्न झाले. एकाचे वडील यंत्रमागावर कामाला होते. ते आजारी पडले आणि त्यांच्या जागी मुलगा उभा राहिला. एकाचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी त्याला गावी राहावे लागले. विड्या वळून घर चालवणाऱ्या मातेची मुलगी बारावीनंतर स्वतःच आईशेजारी सूप घेऊन बसली. यांपैकी एकानेही शिक्षण ‘सोडले’ नव्हते. परिस्थितीने ते खंडित केले होते. सोडलेल्या गोष्टीकडे मनुष्य पाठ फिरवतो, खंडित झालेली गोष्ट मात्र पुन्हा जोडता येते. आमच्या शेऱ्यात हा भेद उरला नाही, ही आमची चूक आम्ही येथे मान्य करतो.

आज देशातील उच्च शिक्षणाच्या नियमांनी हा भेद मान्य केला आहे. अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचा हिशेब ठेवणारी, घरी राहून किंवा नोकरी सांभाळून केलेला अभ्यास पदवीच्या खात्यात धरणारी एक व्यवस्था उभी राहिली आहे. ती काय आहे, कशी चालते, कोणाच्या उपयोगाची आहे आणि तिच्यात कोठे फसगत होऊ शकते, हे आमच्या माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना व पालकांना समजावून सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लंडनने दिलेली चार वर्षे

खंडित शिक्षण पुन्हा जोडण्याचा सर्वांत मोठा धडा आपल्या घराघरांतील भिंतीवरच्या छायाचित्रात आहे. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात एम. ए. पूर्ण केले, प्रबंध लिहिला आणि १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले. तेथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुस्तकांचा संग्रह ज्या जहाजाने येत होता, ते महायुद्धाच्या धामधुमीत बुडाले. बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहावयास जागा मिळाली नाही, ही कहाणी आपणा सर्वांस ठाऊक आहे.

या कहाणीतील एक तपशील मात्र आपल्याकडून फारसा सांगितला जात नाही. मायदेशी निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी मिळविली होती. तिची मुदत चार वर्षांची होती. म्हणजे जितके झाले होते तितके विद्यापीठाने धरून ठेवले, त्यावर कालमर्यादा घातली आणि दार लोटून न घेता उघडे ठेवले. बाबासाहेबांनी ती मुदत वाया जाऊ दिली नाही. मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांची मदत मिळाली आणि १९२० मध्ये ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम. एस्‌सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्‌सी. झाले. कोलंबियाची पीएच. डी. तर प्रबंध छापून झाल्यानंतर, १९२७ साली त्यांना रीतसर मिळाली. त्या वेळी ते ३६ वर्षांचे होते, संसारी होते आणि सार्वजनिक कार्यात आकंठ बुडालेले होते.

आपण या चरित्रातून परिश्रमाचा बोध घेतो, आणि तो योग्यच आहे. त्याबरोबर दुसराही बोध घ्यावयास हवा. विद्यार्थ्याचा निर्धार आणि संस्थेने ठेवलेली नोंद, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते शिक्षण पूर्ण झाले. लंडन विद्यापीठाने झालेला अभ्यास पुसून टाकला असता, तर केवळ निर्धारावर भागले नसते.

सोलापूरचा वारसा

हा विचार सोलापुरास नवा नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना जुलै १९२४ मध्ये मुंबईत झाली आणि अवघ्या काही महिन्यांत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह उघडले ते सोलापुरात. शिकण्याची इच्छा असूनही निवारा व अन्न नाही म्हणून ज्यांचे शिक्षण तुटत होते, त्यांच्यासाठी ती सोय होती. आपले निवासी विद्यालय त्याच परंपरेत उभे आहे.

पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे सकाळच्या वेळी वर्ग भरवून नोकरी करणाऱ्या तरुणांनाही शिकता यावे, अशी योजना होती. विद्यार्थ्याने आपले जीवन महाविद्यालयाच्या घड्याळाशी जुळवून घ्यावे, असा आग्रह न धरता महाविद्यालयानेच आपली घड्याळे विद्यार्थ्याच्या जीवनाशी जुळवून घेतली.

मुक्त विद्यापीठांनी हेच तत्त्व पुढे नेले. इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. आपल्या शेजारी हैदराबादेस १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले आणि आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. मराठीतून स्वयं-अध्ययनाची पुस्तके, गावोगावची अभ्यासकेंद्रे, रविवारची संपर्कसत्रे आणि ‘श्रेयांक’ हा शब्द महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचविण्यात या विद्यापीठाचा वाटा मोठा आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

पूर्वी शिक्षणाचे माप ‘वर्ष’ हे होते. वर्ष पूर्ण झाले तर झाले, नाही तर सारेच गेले. श्रेयांकाचे माप लहान आहे. एका विषयासाठी विद्यार्थ्याने किती तास अभ्यास करणे अपेक्षित आहे, त्यावरून त्या विषयाचे श्रेयांक ठरतात. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका शैक्षणिक वर्षाचे १,२०० तास आणि ४० श्रेयांक धरले आहेत. म्हणजे एक श्रेयांक ३० तासांचा होतो. या तासांत व्याख्यान ऐकणे, वाचणे, टिपणे काढणे, गृहपाठ लिहिणे व परीक्षेची तयारी, हे सारे आले.

पदवीचे गणित साधारण असे आहे. पहिल्या वर्षाअखेर किमान ४० श्रेयांक व त्यासोबत चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या वर्षाअखेर ८० श्रेयांकांवर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर १२० श्रेयांकांवर पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर १६० श्रेयांकांवर ऑनर्स पदवी, अशी ही उतरंड आहे. मध्येच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यास तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा असून संपूर्ण पदवी कमाल सात वर्षांत पूर्ण करावयाची आहे. लंडन विद्यापीठाच्या त्या चार वर्षांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

श्रेयांकांची पेढी

हे श्रेयांक जमा कोठे व्हावयाचे? त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या व्यवस्थेचे विनियम प्रसिद्ध केले. आपण तिला श्रेयांक पेढी म्हणू. डिजिलॉकरच्या साहाय्याने विद्यार्थी येथे आपले खाते उघडतो व त्यास बारा अंकी ओळख क्रमांक मिळतो. आता हाच क्रमांक ‘अपार’ या नावाने ओळखला जातो. निरनिराळ्या मान्यताप्राप्त संस्थांत मिळविलेले श्रेयांक या एकाच खात्यात साठतात आणि पदवी घेण्याच्या वेळी तेथून वापरले जातात.

पतसंस्थेच्या पासबुकाशी तिची तुलना केली तर गोष्ट चटकन कळेल, पण तीन फरक ध्यानात ठेवावेत. पहिला, खात्यात श्रेयांक विद्यार्थी स्वतः भरू शकत नाही. ज्या संस्थेने परीक्षा घेतली तीच ते भरते. म्हणून आपली संस्था पेढीत नोंदणीकृत आहे की नाही, हे आधी पाहावे. दुसरा, ही ठेव कायमची नाही. श्रेयांकांची मुदत सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत असते आणि एकदा एका पदवीसाठी वापरलेला श्रेयांक दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाही. तिसरा, जी संस्था पदवी देणार आहे, तिच्याकडून किमान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावे लागतात. चार ठिकाणचे तुकडे गोळा करून पेढीकडून पदवी मागता येत नाही. पदवी विद्यापीठच देते, पेढी फक्त हिशेब ठेवते.

ज्यांचे शिक्षण ही पेढी निघण्यापूर्वी खंडित झाले, त्यांचे जुने श्रेयांक आपोआप तेथे येत नाहीत. त्यांनी जुन्या महाविद्यालयातून गुणपत्रके घ्यावीत आणि ज्या विद्यापीठात पुढे शिकावयाचे आहे तेथे, झालेला भाग धरला जाईल काय, हे लेखी विचारावे. काही वेळा उत्तर ‘होय’ असे येते, काही वेळा अभ्यासक्रम बदलल्यामुळे ‘नाही’ असेही येते. पण न विचारता ‘आता काय उपयोग’ असे मानणे हे मात्र स्वतःवर अन्याय करणे होय.

‘स्वयम्’ : घरबसल्या मिळणारे श्रेयांक

९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाने ‘स्वयम्’ हा ऑनलाइन शिक्षणमंच सुरू केला. देशातील नामांकित संस्थांचे प्राध्यापक येथे अभ्यासक्रम चालवितात. प्रत्येक अभ्यासक्रमाची चार अंगे आहेत : ध्वनिचित्रित व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंचाचण्या व गृहपाठ, आणि शंकासमाधानासाठी चर्चामंच. अभ्यासक्रम शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून, ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन परीक्षा द्यावी लागते. गृहपाठाचे व अंतिम परीक्षेचे गुण एकत्र धरून निकाल लागतो. वर्षातून दोन सत्रे असतात, एक जानेवारीत व दुसरे जुलैत सुरू होणारे. ढोबळमानाने चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमास एक, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमास दोन आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमास तीन श्रेयांक असतात.

येथे सर्वांत महत्त्वाचा नियम येतो. २०१६ च्या विनियमांनुसार विद्यापीठे एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’ वरून घेऊ देत असत. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के करण्यात आली. म्हणजे १२० श्रेयांकांच्या पदवीत ढोबळ हिशेबाने ४८ श्रेयांक या मार्गाने येऊ शकतात, उरलेले ७२ विद्यापीठाच्या नेहमीच्या शिक्षणातून यावयाचे. कोणते अभ्यासक्रम ग्राह्य धरावयाचे, हे त्या त्या विद्यापीठाची विद्यापरिषद ठरविते. यास्तव क्रम असा ठेवावा : आधी विद्यापीठात प्रवेश, मग तेथे ग्राह्य असलेल्या अभ्यासक्रमांची यादी, आणि मग ‘स्वयम्’ वर नावनोंदणी. हा क्रम उलटा केला तर हाती प्रमाणपत्र राहते, ज्ञानही राहते, पण श्रेयांक पदवीत धरले जातीलच अशी खात्री राहत नाही.

आणखी एक अडचण आम्ही झाकून ठेवणार नाही. ‘स्वयम्’ वरील बहुतांश व्याख्याने इंग्रजीत आहेत. ज्यांचे सारे शिक्षण मराठीत झाले, त्यांना पहिले दोन आठवडे जड जातील. अशांनी आरंभी आपल्या परिचयाच्या विषयाचा, चार किंवा आठ आठवड्यांचा लहान अभ्यासक्रम घ्यावा. व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येते, ही सवलत वर्गात कोणालाच नसते. आणि पदवीचा मुख्य अभ्यास मराठीतून करावयाचा असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पुस्तके आहेतच.

कोणी कोठून सुरुवात करावी?

ज्यांची दहावी किंवा बारावी राहिली आहे, त्यांनी पदवीची घाई करू नये. राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देण्यासाठी ‘सतरा नंबरचा फॉर्म’ आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तेथे एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते, एकेक विषय सवडीने सोडविता येतो आणि पूर्वी मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण नियमानुसार पुढे धरले जातात. श्रेयांकाचे तत्त्व येथेही आहेच.

ज्यांची बारावी झाली आहे, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठाची बी. ए. किंवा बी. कॉम. ही सर्वांत सरळ वाट होय. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानली जाते, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘बाहेरून केलेली पदवी’ म्हणून कोणी नाक मुरडले तर खाली मान घालण्याचे कारण नाही.

ज्यांची पदवी पहिल्या वा दुसऱ्या वर्षात अडली आहे, त्यांनी प्रथम आपल्या जुन्या विद्यापीठाकडे चौकशी करावी. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये २००४ पासून सोलापूर विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी, संलग्न आहेत. त्याआधीचे विद्यार्थी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे होते. आपली कागदपत्रे कोणत्या विद्यापीठाची आहेत, हे पाहिल्यावाचून खेपा घालू नयेत.

सावध कोठे राहावे?

जेथे गरज असते तेथे तिचा व्यापार करणारेही येतात. आमचा एक माजी विद्यार्थी अशाच एका मध्यस्थाच्या नादी लागला. ‘अनुभव दाखवा, एका वर्षात पदवी देतो’ असे त्यास सांगण्यात आले. त्याने दोन वर्षांची बचत दिली आणि हाती आला तो छापील कागद कोणत्याही कार्यालयाने ग्राह्य धरला नाही. त्याचे पैसे गेले याहून मोठी हानी ही की, पुन्हा शिकण्यावरचा त्याचा विश्वास गेला.

यासाठी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. तीन वर्षांची पदवी एका वर्षात कोणतेही मान्यताप्राप्त विद्यापीठ देत नाही. दूरस्थ वा ऑनलाइन शिक्षणक्रमास आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता लागते आणि ती यादी सर्वांना खुली आहे. बनावट विद्यापीठांची नावेही आयोग वेळोवेळी जाहीर करतो. वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र व विधी यांसारख्या पदव्या दूरस्थ पद्धतीने घेता येत नाहीत. तसे आश्वासन देणाऱ्यास दारातूनच निरोप द्यावा. खासगी कंपन्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम कौशल्यासाठी उपयुक्त असू शकतात, पण त्यांचे प्रमाणपत्र म्हणजे श्रेयांक नव्हे. शुल्क नेहमी विद्यापीठाच्या खात्यात भरावे, व्यक्तीच्या हातात देऊ नये.

वर्षावासाचे बारा आठवडे

आता शेवटचा व सर्वांत कठीण प्रश्न : वेळ कोठून आणावयाचा? हिशेब प्रामाणिकपणे मांडू. १२० श्रेयांक म्हणजे ३,६०० तास. रोज दोन तास नेमाने दिले, तर सुमारे पाच वर्षे लागतात. रोज एकच तास दिला तर जवळजवळ दहा, म्हणजे सात वर्षांच्या मर्यादेबाहेर. ही वाट सोपी आहे असे सांगणारा खोटे बोलतो. मात्र ती आपल्या आवाक्यातील आहे, हेही या आकड्यांवरूनच दिसते.

आरंभासाठी आम्ही एक मार्ग सुचवितो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावास असतो. या तीन महिन्यांत नित्यनेमाने ग्रंथवाचन करण्याची, आणि दिवसभर काम करून आलेल्या माणसांनीही सायंकाळी विहारात बसून ऐकण्याची सवय आपल्या समाजास आहे. भिक्खू संघ पावसाळ्यात एका जागी राहून अध्ययन करी, त्या परंपरेचा हा आपला गृहस्थी अवतार आहे. ‘स्वयम्’ चे जुलैचे सत्र याच सुमारास असते आणि बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम जवळजवळ वर्षावासाइतकाच चालतो. तीन श्रेयांक म्हणजे ९० तास, म्हणजे आठवड्यास साडेसात तास, म्हणजे रोज तासाभराहून थोडे अधिक. एका वर्षावासात एक अभ्यासक्रम, एवढाच संकल्प पहिल्या वर्षी करावा. तो पार पडला म्हणजे पुढचे गणित मनुष्य स्वतःच मांडू लागतो.

हा संकल्प एकट्याने पाळणे अवघड असते. म्हणून कुटुंबाला आमची विनंती आहे. घरातील सून, मुलगी किंवा आई पुस्तक घेऊन बसली असेल, तर तो तास तिचा आहे असे माना. तिच्या हातातील काम त्या वेळी दुसऱ्याने उचलावे. ज्या घरात वडीलधारी व्यक्ती अभ्यास करताना दिसते, त्या घरातील मुलांना अभ्यासास बसा असे सांगावे लागत नाही, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. पदवी वयाच्या चाळिशीत मिळाली, तरी तिचा पहिला लाभ पुढच्या पिढीस त्याच दिवशी मिळतो.

विद्यालयाच्या बाजूने आम्हीही काही करावयास हवे. यापुढे रविवारच्या वंदनेनंतर संगणक कक्ष माजी विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी खुला राहावा, डिजिलॉकर व श्रेयांक पेढीचे खाते उघडून देण्यास शिक्षकांनी साहाय्य करावे आणि एकाच अभ्यासक्रमास बसलेल्या तिघाचौघांनी एकत्र बसून गृहपाठ करावेत, असे आम्ही ठरविले आहे. येताना दहावी-बारावीची गुणपत्रके, आधार कार्ड व आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक सोबत आणावा. गुणपत्रकावरील व आधारवरील नावात फरक असेल, विशेषतः लग्नानंतर नाव बदलले असेल, तर आधी तो मिटवून घ्यावा. खाते उघडताना सर्वाधिक खोळंबा याच कारणाने होतो.

आणि त्या जुन्या वहीचे आम्ही काय केले, हेही सांगितले पाहिजे. ‘शिक्षण सोडले’ हा शेरा आम्ही खोडला नाही, कारण झालेली चूक पुसून टाकणे योग्य नव्हे. प्रत्येक नावापुढे त्याच ओळीत ‘खंडित’ असे लिहिले आणि शेजारी एक रकाना रिकामा ठेवला. तथागतांनी आपणांस स्वतःचा दीप स्वतः होण्यास सांगितले आणि बाबासाहेबांनी आपल्या त्रिसूत्रीत पहिले स्थान शिकण्यास दिले. त्या रिकाम्या रकान्यात काय लिहावयाचे, हे ज्यांचे नाव तेथे आहे त्यांनी येऊन आम्हांस सांगावे. वही कार्यालयातच ठेवली आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!